गुलाबकाका गादी परत पाठवतात

गुलाबकाकांना हवा खपत नाही. पंख्याची, कूलरची, गच्चीवरची हवा त्यांना तुमच्याआमच्यासारखीच लागते. खपत नाही ती वस्तूंच्या पोटात शिरून बसलेली हवा. बेकरीतून डबलरोटी आणली की घरी पोचेपर्यंत तिची वीट झालेली असते, कारण येताना काखेत दाबून त्यांनी ती रिकामी केलेली असते. "बेकरीवाला पैसे पावाचे घेते अन् अर्धी हवा देते. मी हवा घरी कायले आनू?" आमच्याकडे आले की सोफ्यावरची उशी दोन्ही हातांनी दाबतात, तिचा सुस्कारा ऐकतात आणि मगच बसतात. मुरमुऱ्यांपुढे मात्र त्यांनी हात टेकले आहेत. चिवडा खातात, पण हरलेल्या माणसासारखे.

माणसांनाही हीच परीक्षा. प्रचाराला आलेला उमेदवार असो, नवा डॉक्टर असो की मुलगी बघायला आलेला मुलगा, काका सगळं शांतपणे ऐकून घेतात आणि तो गेल्यावर म्हणतात, "हवा हाय." त्यावर अपील नाही.

मी माहेरची अमरावतीची. लग्न होऊन अकोल्याला, जठारपेठेत आले तेव्हा माझ्या आईनं कौतुकानं भरलेल्या उशा, लोड आणि दोन रजया सोबत दिल्या होत्या. सामान उतरत असताना शेजारच्या फाटकातून एक आडव्या बांध्याचा माणूस आला, नव्या नवरीला त्यानं आपादमस्तक पाहिलं आणि विचारलं, "हे दाबून काहून नाई आनलं?" अकोल्याची माणसं तोंडावर बोलतात हे ऐकून होते. पण निदान आधी नाव विचारतील अशी माझी समजूत होती.

पुढे माझी नणंद नोकरीला पुण्याला निघाली तेव्हा तिचं सामान काकांनी बांधून दिलं. रजई, दोन चादरी, पापड, कपडे, लोणच्याची बरणी, सगळं एका बॅगेत. पुण्याला पोचून तिनं चेन उघडली आणि ते सगळं खोलीभर झालं. पुन्हा आत घालायला काका तिथे नव्हते. एक बॅग घेऊन गेलेली पोरगी दिवाळीला चार बॅगा घेऊन परतली.

याचं मूळ त्यांच्या कामात होतं. गुलाबराव वानखडे जन्मभर गावाबाहेरच्या कापसाच्या जिनात प्रेसवर होते. सरकीपासून सुटी झालेली रुई प्रेसमध्ये दाबून तिच्या गाठी बांधायच्या, हे काम. खोलीभर रुई आत जायची आणि कपाटाएवढी गाठ बाहेर यायची. काका निवृत्त झाले तरी सकाळी सायकल काढून जिनात एक चक्कर मारून यायचे. पण दिवसच वाईट आले होते. बोंडअळीनं कपाशी खाल्ली, जे वाचलं त्याला भाव नाही. एके काळी दसऱ्यापासून होळीपर्यंत धडधडणारं जीन त्या वर्षी संक्रांतीलाच थंड पडलं. काका चक्कर मारून यायचे आणि फाटकाशी उभे राहून सांगायचे, "चिमन्या हायेत आतमंदी."

अशा त्या वर्षी त्यांच्याकडे रबराची गादी आली.

काकांच्या बायकोची, शांताकाकूंची, कंबर बरीच वर्षं दुखत होती. उठताना एक हात कमरेवर, एक भिंतीवर. त्यांची मुलगी संगीताही पुण्यातच नोकरी करते, तिनं आईसाठी मोबाइलवरूनच लॅटेक्सची गादी मागवली. गादी म्हणजे रबराचे तीन जाड थर आणि त्यांना एकत्र ठेवणारी चेनची खोळ. प्रत्येक थर गुंडाळून वेगळ्या खोक्यात आला होता. काकांनी पहिलं खोकं उघडलं, आतल्या घट्ट गुंडाळीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं, कान लावला, आणि दुसऱ्या कोणाच्या कामाची स्तुती मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकली. "कारागीर हाय बावा कोनीतरी. दाबलं त दाबलं."

मग संगीतानं फोनवरून सांगितल्याप्रमाणे प्लास्टिक कापलं. थरानं सुस्स करून श्वास घेतला आणि आमच्या डोळ्यांदेखत पलंगभर झाला. काका दोन पावलं मागे सरले. खोकी मात्र त्यांनी मोडली नाहीत. चपटी करून, दोरीनं बांधून पलंगाखाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शांताकाकू आमच्या दारात आल्या त्या दोन्ही हात मोकळे ठेवून. "मास्तरीनबाई," मी शाळेत शिकवते म्हणून दोघंही मला हेच म्हणतात, "काल मी माहेरी झोपल्यासारखी झोपले." दहा-पंधरा दिवसांत त्यांची चाल बदलली. बाजारातून पिशवी स्वतः उचलून आणायला लागल्या. मी मनातल्या मनात संगीताला शाबासकी दिली.

आणि मग एका सकाळी काका फाटकाशी आले. डोळे लाल, दाढी वाढलेली. म्हणाले, "मास्तरीनबाई, गादी वापस पाठवाची हाय."

मी कारण विचारलं. म्हणाले, रबराचा वास येतो, सायकलच्या दुकानात झोपल्यासारखं वाटतं. आमच्या ह्यांना, म्हणजे दिलीपला, त्यांनी सांगितलं की गरम होतं. संगीताला फोनवर सांगितलं ते सगळ्या गल्लीनं ऐकलं, कारण काकांचा फोनवरचा आवाज प्रेसच्या आवाजावर मात करायला तयार झालेला आहे. "यंदा कापसाले कोनी कुत्रं विचारून नाई राहिलं, अन् वऱ्हाडातला प्रेसवाला झाडाच्या चिकावर झोपन? लोकं काय म्हनतीन?"

हे कारण गल्लीला पटलं. पानवाल्यानं मान हलवली, न्हाव्यानं वस्तरा थांबवून दाद दिली. पटलं नाही ते एका शांताकाकूंना. त्या म्हणाल्या, "लोकं काय माह्या कंबरेखाली येऊन झोपतात?"

मी सुचवलं की मग बैठकीत टाका, पाहुण्यांना होईल. "घरात ठेवली त मी बाहेर गेलो का तुमची काकू ती पलंगावर पसरन." बरं, कोणाला तरी देऊन टाका. "पोरीनं आनलेली वस्तू वाटून देऊ काय?" म्हणजे गादी जायला हवी होती आणि मानानं जायला हवी होती. कंपनीच्या बाईंनी हिंदीतून फोनवर अटी सांगितल्या. थर कोरडे आणि स्वच्छ असावेत, प्रत्येक थर आला तसा गुंडाळून ज्याच्या त्याच्या खोक्यात बसावा, खोकं फुगलेलं चालणार नाही. गाडी शनिवारी येईल. शनिवारी माल तयार नसेल तर परतीची मुदत संपली, गादी तुमची.

"शनवारी जाईन," काका म्हणाले.

रविवारी पहिला प्रयत्न झाला. लॅटेक्सचा थर उचलणं हेच एक प्रकरण असतं. ओल्या कणकेच्या गोळ्यासारखा तो हातातून ओघळतो, आणि कडेला धरून ओढला तर फाटतो. तिघांनी मिळून तो जमिनीवर पसरला, दुमडला आणि काकांनी आमच्या ह्यांना पुढे बोलावलं. ह्यांचं वजन हा आमच्या घरात न काढण्याचा विषय आहे. काकांनी तो चारचौघांत काढला. "दिलीपभाऊ, देवानं तुमाले कशासाठी देल्लं हाय ते आज समजन. बसा." हे बसले. ते बसले तिथे थर दबला आणि दोन्ही बाजूंनी वर आला. मग एका बाजूला मी बसले, दुसऱ्या बाजूला काका. आता तो मधून वर आला आणि हे हळूहळू उंच जात एका कुशीवर कलंडले. शांताकाकू दारात उभ्या राहून पदरात हसत होत्या. "रायू द्या," त्या म्हणाल्या, "तिले जायाचं नाई."

"कापूस असता त आयकलं असतं," काका कपाळ पुसत म्हणाले. आणि तिथेच त्यांच्या डोक्यात ते आलं.

सोमवारी शाळेला अर्धी सुटी होती, म्हणून हा प्रसंग मी स्वतः पाहिला आहे. मालवाहू ऑटोत एक थर घालून काका जिनात पोचले. बसून कंटाळलेल्या कामगारांनी त्यांना पाहिलं आणि एकेक जण उठून उभा राहिला. मालकानं लगेच होकार दिला. प्रेस सुरू झाली. त्या मोकळ्या शेडमध्ये तो आवाज घुमला तशी काकांची पाठ ताठ झाली. त्यांनी थर प्रेसच्या पेटीत नीट बसवून घेतला, कडा आत सारल्या, कोपरे दाबले. मग हात लांब करून पाण्याचा पाइप घेतला आणि थरावर मनसोक्त पाणी मारलं.

इथे एक सांगायला हवं. रुई फार कोरडी असली तर गाठ नीट धरत नाही, म्हणून दाबायच्या आधी तिच्यावर पाणी मारतात. त्यानं गाठीचं वजन वाढतं, पण तो योगायोग समजायचा. काकांच्या हातानं आयुष्यभर जे केलं तेच त्या दिवशीही केलं. शेडमध्ये एवढी माणसं होती, एकाच्याही मनात शंका आली नाही. मलाही नाही, कारण मला वाटलं हीच पद्धत असेल.

प्रेस खाली आली आणि थरातलं सगळं पाणी चारी बाजूंनी आमच्या अंगावर आलं. प्रेस वर गेली. थर एक क्षण पाटासारखा पडून राहिला, काका गाठ बांधायची पट्टी अडकवायला वाकले, आणि तेवढ्यात तो पुन्हा होता तेवढा झाला. उरलेलं पाणी पिऊन. कोणी हसलं नाही. काका तिथले वस्ताद होते. जिनापासून जठारपेठेपर्यंत ऑटोतून पाण्याची धार लागली होती आणि वस्ताद पुढच्या सीटवर समोर बघत बसले होते.

आता थर वाळवायचा. कंपनीच्या बाईंनी ऊन लावू नका असंही सांगितलेलं, उन्हानं लॅटेक्सचा भुगा होतो. आमच्या गच्चीवर हिरवी जाळी बांधलेली होती, तिच्या सावलीत थर पसरला आणि काकांनी मुक्काम ठोकला. सावली सरकली की थर सरकवायचा. कोरडा पंचा पसरून वर गुडघे टेकायचे, पंचा पिळायचा, पुन्हा पसरायचा. खालून शांताकाकू आवाज द्यायच्या, "देवाच्याच मनात नाई त तुमी काहून जीव काढून राहिले?" काका पंचा पिळत राहायचे. मधेच बसल्या बसल्या त्यांची मान छातीवर पडायची आणि ते दचकून जागे व्हायचे.

बुधवारी मला राहवलं नाही. मी चहा घेऊन वर गेले आणि स्पष्टच बोलले. "काका, काकूंची कंबरदुखी इतक्या वर्षांत पहिल्यांदा थांबली. तुमच्या कापसाच्या अभिमानापायी त्यांना पुन्हा दुखणं द्यायचं? पानवाला शाबास म्हणाला म्हणून?" माझ्या आवाजात राग होता आणि तो मी लपवला नाही.

काकांनी चहा घेतला. थराचा एक कोपरा उचलून खालून हात फिरवला. म्हणाले, "वलं हाय अजून इकडून."

शुक्रवारी थर वाळला. अवघी एक दुपार हातात होती. माझ्या भावानं अमरावतीहून वास्तुशांतीला एक व्हॅक्यूम क्लीनर दिला होता, तो मी एकदाच वापरून माळ्यावर टाकला होता. हवा बाहेरून दाबून काढायच्या ऐवजी आतून ओढून काढता येईल असं मी म्हटलं. हे ऐकून काकांना आपला धर्म बदलल्यासारखं झालं असावं. पण वेळ नव्हता. "आना," ते म्हणाले.

ताडपत्रीवाल्याकडून जाड प्लास्टिकच्या लांबच लांब पिशव्या आणल्या. रबर रबराला चिकटू नये म्हणून थरावर शांताकाकूंच्या पावडरचा अख्खा डबा रिकामा झाला. थर दुमडून पिशवीत सरकवायचा होता, पण तो आत जाईना. एक जण पिशवीचं तोंड वर धरून मागे ओढत नेणारा हवा होता. आमच्या तिघांचे हात गुंतलेले. तेव्हा शांताकाकू दारातून आल्या आणि पिशवीचं तोंड धरून उभ्या राहिल्या. ज्या गादीवर त्यांना सुख मिळालं होतं तिलाच त्या पिशवीत घालत होत्या. थर आत गेल्यावर एवढंच म्हणाल्या, "एकदाचं होऊ द्या यांच्या मनासारखं."

नळी आत, तोंडाभोवती चिकटपट्टी, बटण चालू. थर आकसायला लागला. प्लास्टिक त्याच्या अंगाला बसलं, सुरकुत्या पडल्या, आणि पलंगाएवढी वस्तू म्हाताऱ्या माणसासारखी बारीक झाली. काका बघतच राहिले. मग एकाएकी थांबा म्हणाले. कुठून तरी हवा आत जात होती. आम्हाला काही ऐकू येईना. काकांनी गाल ओला केला आणि गुडघ्यांवर बसून तो प्लास्टिकवरून इंच इंच फिरवत नेला. एका जागी थांबले. तिथे सुईच्या टोकाएवढं भोक होतं.

भोक बुजवलं. बंद टोकाकडून गुंडाळत उघड्या तोंडाकडे यायचं, गुडघा काढायचा नाही, आणि गुंडाळी झाली की श्वास न घेता नवारीच्या पट्ट्यांनी आवळायची. तिथे मात्र काकांचे हात काकांचे होते. एक झाली, दुसरी झाली, आणि दिवेलागणीला तिसरी खोक्यात बसली तेव्हा खोक्याची चारही पाखं सपाट मिटली. काकांनी वरून टकटक केलं. आमचे हे पावडरीनं पांढरे होऊन भिंतीला टेकले होते.

शनिवारी गाडी आली. गाडीवाल्यानं एक खोकं उचलून पाहिलं आणि पुन्हा खाली ठेवलं. "क्या है इसमें, काका?"

"हवा सोडून सारं हाय," काका म्हणाले.

गाडी वळणाआड जाईपर्यंत ते फाटकात उभे होते. शांताकाकू आत निघून गेल्या. स्वयंपाकघरातून भांड्यांचे आवाज जरा जास्तच येत होते. मीही घराकडे वळले, तर काका हळूच म्हणाले, "मास्तरीनबाई, जरा आतमंदी येता काय? एक काम हाय."

आतल्या खोलीत पलंगावर कापसाची गादी घातलेली होती. पिंजून, नव्यानं भरून आणलेली. काकूंच्या बाजूला कापूस ठासून भरायला लावला होता, कमरेला आधार म्हणून. काका आपल्या बाजूच्या काठावर माझ्याकडे पाठ करून बसले आणि त्यांनी डोळे मिटले.

"थ्या बाजूले हात ठेवा. अन् हलवा."

मी गादीवर हात ठेवून हलवला.

"हललं. आता हळू."

मी हळू हलवला.

"हललं. याच्याहून हळू. मानसाचा हात थरथरते न, तेवढाच."

हे काय चाललंय असं मी विचारलं. काकांनी डोळे उघडले नाहीत. आवाज इतका खाली आणला की हा त्यांचाच आवाज का असं वाटलं. "तिची साखर उतरते झोपेत. तिले सोताले समजत नाई. घाम येते, हात थरथरते, तोंडातून शब्द निघत नाई. गादी हलली का मी जागा होतो. गूळ चारतो, पानी पाजतो, ती झोपून जाते. सकाऊन तिले याद बी नाई रायत. लय वर्सं झाले, असंच चालू हाय." ते थांबले. "थ्या रबरावर एक जन हलला त दुसऱ्याले समजत नाई. थेच त्याचं चांगलं म्हनून संगीले सांगतलं होतं कंपनीनं. एका राती मी पान्याले उठलो म्हून पायलं, त ती वली चिंब. हाक मारली, बोलेना. मी बाजूलेच झोपलो होतो, मास्तरीनबाई. हातभर दूर."

नेहमीची तपासणी म्हणून डॉक्टरकडे नेलं होतं, काका म्हणाले. डॉक्टरनं इन्सुलिनची सुई कमी करून दिली होती. पण त्या दिवसापासून ते रात्री झोपलेच नव्हते. खुर्ची घेऊन तिच्याकडे बघत बसायचे.

"मग हे काकूंना सांगायचं ना," मी म्हटलं.

"तिले सांगतलं त भेवानं झोपनार नाई. संगीले सांगतलं त पोरगी म्हनन, आईच्या जिवावर म्याच आनलं. त्यापरीस कापूस बरा. कापसाचं नाव घेतलं का कोनी विचारत नाई." मग म्हणाले, "पुन्हा एकदा. लय हळू."

माझे डोळे भरून आले होते, मला गादी नीट दिसत नव्हती. मी एक बोट टेकवलं आणि हललं की नाही हे माझं मलाही कळलं नाही.

"समजलं," काका म्हणाले.

आणि तसेच पाय वर घेऊन ते आडवे झाले. शांताकाकू चहा घेऊन येईपर्यंत त्यांना गाढ झोप लागली होती. "पाहा," काकू मला म्हणाल्या, "कापूस भेटला न, घोरून राहिले आता." एक हात कमरेवर ठेवून त्या कण्हत आपल्या बाजूला टेकल्या.

काकांचं घोरणं थांबलं. डोळे मिटलेलेच होते. "काय झालं व?"

"काई नाई," काकू म्हणाल्या, "मी चहा पेऊन राहिले. झोपा तुमी."